आफरीनच्या भाषणातलं सहावं वाक्य

“मॅडम, सहावं वाक्य काढून टाका. बाकी भाषण फर्स्ट क्लास आहे,” देशमाने सर फोनवर म्हणाले.

मी बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर चिखलीच्या गाडीची वाट बघत उभी होते. शनिवार होता, उंद्रीला आईकडे निघाले होते. पिशवीतून भाषणाचा कागद काढला आणि सहावं वाक्य वाचलं. ‘तिचं घर तिबेटमध्ये आहे, पण ते तिनं कधी पाहिलेलं नाही.’

“व्याकरण चुकलंय का सर?”

“व्याकरण नाही हो. तो शब्द. वरून आलंय.”

“वरून म्हणजे कुठून?”

“आता सगळं फोड करून सांगायचं का? मुलीला स्कॉलरशिप पाहिजे ना? मग काढा.” फोन कट.

गाडी आली, भरली, गेली. मी तिथंच उभी.

मी चिनी भाषा शिकवते. बुलढाण्यात राहून चिनी शिकवते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग नूडल्सचा विषय काढतात. मला त्याची सवय झाली आहे. आमच्या कॉलेजात माझा सर्टिफिकेट कोर्स होता, आणि तो कॉलेज एकट्याच्या बळावर चालवत नव्हतं. विद्यापीठात एक चिनी भाषा आणि संस्कृती केंद्र होतं. अशी केंद्रं चीन सरकार जगभरच्या विद्यापीठांमधून चालवतं. जागा विद्यापीठाची, पैसा आणि पुस्तकं त्यांची, एखादा शिक्षकही त्यांचाच. आमचा कोर्स त्या केंद्राची शाखा होता. कागदावर आम्हाला ‘टीचिंग पॉइंट’ म्हणत. त्या बदल्यात आम्हाला पुस्तकं मिळायची, दोन कॉम्प्युटर मिळाले होते, आणि महिन्यातून एकदा त्यांची शिक्षिका यायची.

देशमाने सर केंद्राचे भारतीय उपसंचालक. चिनी त्यांना ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ एवढीच येत होती. पण सही त्यांची लागायची. पहिल्या भेटीत मला म्हणाले होते, “बुलढाण्याकडच्या मुलांचे टोन इतके स्वच्छ कसे काय? आश्चर्य आहे हं!” चिनीत सुराला महत्त्व आहे. ‘मा’ एका सुरात म्हटलं तर आई, दुसऱ्या सुरात घोडा. त्या सुरांना टोन म्हणतात. आमच्या पोरांची मराठी ऐकून ज्यांना हसू येतं, त्यांना आमच्या पोरांचा टोन स्वच्छ निघाला की आश्चर्य वाटतं. मी तेव्हा गप्प बसले. बसायला नको होतं.

आता आफरीनबद्दल. तिचे वडील अकीलभाई टेलर. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं छोटं दुकान आहे. त्यांनी एक जुनं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घेतलं. ते चिनी निघालं. बटणांवर चिनी, स्क्रीनवर चिनी, पुस्तिकाही चिनी. विकणारा सुरतेला निघून गेला. कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी दुकानात जाऊन प्रत्येक बटणाशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवून दिली. आफरीन शेजारी उभी राहून बघत होती. तेव्हा ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “मॅडम, तुम्ही रोज थोडंच येणार चिठ्ठ्या लावायले. मलेच शिकवा.”

दोन वर्षांत ती माझ्या वर्गातली सगळ्यात पुढची मुलगी झाली. मी स्वतः तिच्या वयात इतकं शुद्ध बोलत नव्हते.

केंद्र दरवर्षी भाषणाची स्पर्धा घ्यायचं. तीन मिनिटं चिनीत बोलायचं, मग परीक्षक एक प्रश्न विचारणार, त्याचं उत्तर आयत्या वेळी द्यायचं. पहिल्या नंबराला चीनमध्ये एक वर्ष शिकायची स्कॉलरशिप. त्या वर्षी विषय होता ‘माझे शेजारी’. आफरीननं डोल्मामावशीवर लिहिलं. भाषणासोबत त्याचं मराठी भाषांतरही देशमाने सरांकडे आधी द्यावं लागायचं.

दिवाळीनंतर आमच्याकडे तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात. बुलढाण्याची थंडी तुम्हाला माहीत असेल तर ते इथं का येतात हे वेगळं सांगायला नको. डोल्मामावशीचं दुकान दरवर्षी अकीलभाईंच्या शेजारी लागायचं. कुणाच्या स्वेटरची बाही लांब झाली, चेन बिघडली, की मावशी गिऱ्हाईक शेजारी पाठवायची. आफरीन लहानपणापासून थंडीत तिच्याच गल्ल्यामागं बसून अभ्यास करायची. मावशीचा जन्म कर्नाटकातल्या वसाहतीतला. तिचे आईवडील तिबेटमधून डोंगर ओलांडून चालत आले होते. भाषणात राजकारणाचा एक शब्द नव्हता. स्वेटर होते, चहा होता, मावशीनं शिकवलेला विणकामाचा टाका होता. आणि ते सहावं वाक्य.

सोमवारी मी प्राचार्य लहाने सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“वानखडे मॅडम, एका वाक्यानं काय बिघडते? पुस्तकं भेटली, कॉम्प्युटर भेटले. पोरीचं कल्याण होऊन राह्यलं. तुम्ही कायले भांडण घेता?”

“सर, पोरीनं खोटं काहीच लिहिलेलं नाही.”

“मी कुठं म्हणतो खोटं आहे? नुसतं नका म्हणू.”

आता जे सांगणार आहे ते सांगताना आजही कानशिलं तापतात. मी ते वाक्य काढलं. कुणी माझा हात धरला नव्हता. मी लाल पेन घेतलं आणि तिथं लिहिलं, ‘तिचं घर खूप दूर आहे.’ मनाशी म्हटलं, हेही खरंच आहे. भाषांतर करणारा माणूस असली पळवाट चटकन शोधतो. शब्दांशी खेळायचाच आमचा धंदा.

आफरीननं कागद पाहिला.

“काऊन मॅडम? चुकलं का काही?”

“चुकलं नाही. स्पर्धेसाठी जरा सोपं केलं.”

“शीत्सांग काही अवघड शब्द नाही.” चिनीत तिबेटला शीत्सांग म्हणतात. “टोन चुकते का माह्या?”

मला तिच्याशी खोटं बोलता येईना. काय झालं ते सांगितलं. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “मावशीले विचारून येतो. तिच्यावरच लिवलं ना.”

संध्याकाळी मीही गेले. डोल्मामावशी स्वेटरच्या घड्या घालत होती. तिनं हिंदीत सगळं ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाली, “निकाल दे बेटी. तू जाके पढ़. मेरा घर तेरे कागज़ से थोड़ी ना मिटेगा.”

शेजारून अकीलभाई मशीन बंद करून आले. “मॅडम, पोरीले एवढ्या दूर पाठवाले मी तयार झालो, तेच लय झालं. तिची अम्मी अजून रडून राह्यली. आता एका शब्दापायी अडते का सगळं?”

“नाही अडत,” मी म्हटलं.

“मंग काढा ना. तुमच्यावर भरोसा आहे.”

हा भरोसा मला अंगावर घोंगडं टाकल्यासारखा जड झाला. आफरीननं नवीन वाक्य पाठ केलं. तिनं पुन्हा एकदाही तो विषय काढला नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही पहाटेच्या गाडीनं विद्यापीठात पोचलो. हॉल लाल कंदिलांनी सजवला होता. परीक्षक तीन. एक विद्यापीठातल्या बाई, एक देशमाने सर स्वतः, आणि एक चीनहून आलेले पाहुणे प्राध्यापक. वयस्कर, हळू बोलणारे. मला त्या दिवशी दुसरंही काम दिलं होतं. चिनी परीक्षकांनी गुणपत्रिकेवर चिनीत शेरा लिहायचा, मी त्याचं इंग्रजी करायचं, आणि खाली ‘भाषांतर बरोबर आहे’ अशी सही करायची. कार्यक्रमाचा अहवाल या कागदांवरून बनतो.

आफरीनचा सातवा नंबर. ती बोलायला लागली आणि हॉल शांत झाला. स्वेटरच्या बाहीची गंमत आली तेव्हा पाहुणे प्राध्यापक मोठ्यानं हसले. ‘तिचं घर खूप दूर आहे’ हे वाक्य आलं आणि गेलं. देशमाने सरांनी मान डोलावली. त्यांना चिनी कळत नव्हती, पण तीन मिनिटं नीट पार पडली हे कळलं.

मग प्रश्न. पाहुणे प्राध्यापक पुढे वाकले. त्यांना खरंच ऐकायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. “तुझ्या शेजारणीचं घर खूप दूर आहे म्हणालीस. कुठं आहे?”

हा प्रश्न कुणी विचारला असता का, जर मी तिथं ते गुळमुळीत वाक्य घातलं नसतं? मूळ वाक्य असतं तर त्यात विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मीच तो प्रश्न तयार करून ठेवला होता.

आफरीननं माझ्याकडे पाहिलं नाही. उत्तर पाठ केलेलं नव्हतं. ती म्हणाली, “शीत्सांगमध्ये. पण तिनं ते पाहिलेलं नाही.”

हॉलमध्ये चिनी समजणारे वीसेक लोक होते. ते सगळे प्राध्यापकांकडे बघायला लागले. प्राध्यापकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “हो. खूप दूर आहे,” आणि कागदावर लिहायला लागले. बस. आकाश कोसळलं नाही.

चहाच्या वेळी मी ऑफिसात बसून गुणपत्रिका घेतल्या. आफरीनच्या कागदावर प्राध्यापकांनी दिवसातले सगळ्यात जास्त गुण दिले होते. शेरा होता: ‘टोन स्वच्छ. भाषा जिवंत. प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक.’ मी इंग्रजी केलं, सही केली. एवढ्यात देशमाने सर आत आले आणि दार लोटून घेतलं.

“तिनं काय उत्तर दिलं ते त्या परीक्षक बाईंनी सांगितलं मला. काय झालं हे मॅडम?”

“प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं.”

“मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं!”

“वाक्य काढलंय सर. प्रश्न तुमच्या पाहुण्यांनी विचारला.”

त्यांनी माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातून स्वतःची गुणपत्रिका ओढून घेतली, तिच्यावर आफरीनचे गुण खोडले आणि निम्मे लिहिले. कारण लिहिलं, ‘विषयांतर’. आणि मग मला म्हणाले, “ह्या चिनी शेऱ्याचं भाषांतर परत करा. शेवटचं वाक्य गाळा. त्याऐवजी लिहा, ‘उत्तर विषयाला धरून नव्हतं.’”

“त्यांनी असं लिहिलेलं नाही.”

“त्यांची चिनी इथं कोण वाचणार आहे?”

“मी वाचलंय.”

“हे बघा, वरून सूचना आहेत. उद्या केंद्राला प्रश्न आले तर उत्तर कोण देणार, तुम्ही?”

मी कागदाकडे पाहिलं. एकदा लाल पेन चालवलं होतं, पण ते माझ्या विद्यार्थिनीच्या कागदावर, तिच्या नावाखाली. इथं खाली माझी सही होती. दुसऱ्या माणसाच्या तोंडी शब्द घालून ‘बरोबर आहे’ म्हणून सही करायची, तर मग मी शिकवते काय? मला राग आला होता, आणि तो निम्मा माझ्यावरच होता.

“सर, मी सही करून दिली आहे. दुसरं भाषांतर पाहिजे असेल तर दुसरा माणूस शोधा.”

“विचार करा. तुमचा टीचिंग पॉइंट माझ्या सहीवर चालतो.”

“माहीत आहे.”

बाहेर व्हरांड्यात लिऊ उभी होती. लिऊ म्हणजे केंद्राची चिनी शिक्षिका, तीच महिन्यातून एकदा बुलढाण्याला यायची. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. आमच्या पोरांना तिनं कागद कापून फुलं करायला शिकवली होती, आणि आमच्याकडची मिरचीची चटणी डब्यात भरून न्यायची. तिनं आतलं सगळं ऐकलं होतं, मराठी कळत नव्हती तरी ओरडणं कळतंच. मी तिला चिनीत विचारलं, “ते वाक्य काढायला तुमच्याकडून कुणी सांगितलं?”

ती गोंधळली. “कुठलं वाक्य? भाषणं आमच्याकडे आलीच नाहीत. ती अजून देशमाने सरांच्या कपाटात आहेत. स्पर्धा झाल्यावर पाठवतात.”

“एकही नाही?” मी विचारलं.

लिऊनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माझ्याकडे आलं असतं तर बहुतेक मलाही काढायला लागलं असतं. तुला खोटं कशाला सांगू? पण आलं नव्हतं. मी ते आजच ऐकलं.”

त्या मुलीबद्दल माझ्या मनात राग नाही. तिनं जे होतं ते सांगितलं. तिच्या सरकारला तो शब्द असा खपत नाही हे खरं, आणि असल्या फुकटच्या पुस्तकांबरोबर ते घरात येतं हेही खरं. ते मला आधी कळायला हवं होतं. पण ‘वरून’ कुणाचा फोन आला नव्हता. देशमाने सर एका कोऱ्या कागदाला घाबरले होते. आपली खुर्ची हलू नये म्हणून त्यांनी आदेशाची वाट न बघता आदेश स्वतःच तयार केला, लहाने सरांनी तो मानला, आणि मी तो लाल पेनानं अमलात आणला. तीन शिकलेली माणसं. एका टेलरच्या पोरीला जे जमलं ते आम्हा तिघांना जमलं नाही.

निकाल लागला. आफरीनला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक पंखा आणि एक प्रमाणपत्र. पहिला नंबर ज्या मुलाला मिळाला त्याला आयत्या वेळचा प्रश्न कळलाच नव्हता. त्याचा दोष नाही, त्याचं नाव मी घेत नाही.

परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, “माझं चुकलं. मूळ भाषण ठेवलं असतं तर...”

“तरी भेटली नसती मॅडम,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग जरा वेळानं, “तुम्ही रडू नका. लोक पाहून राह्यले.”

मी कुलसचिवांना पत्र लिहिलं. सोबत चिनी शेरा, माझं भाषांतर आणि खोडलेल्या गुणपत्रिकेची झेरॉक्स; ती मी त्या दिवशी निघण्याआधी ऑफिसातून काढून घेतली होती. उत्तर आलं नाही. पण महिना व्हायच्या आत दुसरं पत्र आलं. ‘प्रशासकीय कारणास्तव’ आमचा टीचिंग पॉइंट बंद करण्यात येत होता. पुस्तकं आणि कॉम्प्युटर परत मागवले. अहवालात आफरीनच्या शेऱ्याखाली दुसऱ्याच कुणाची तरी सही होती. ते भाषांतर मी नंतर वाचलं. त्यात ‘टोन स्वच्छ’सुद्धा राहिलं नव्हतं.

लहाने सर म्हणाले, “मी म्हटलं होतं ना मॅडम?” खोलीतून पुस्तकांची खोकी बाहेर काढताना माझ्या वर्गातली अकरा पोरं दारात उभी होती. त्यांनी काय केलं होतं?

वर्ग बंद पडू द्यायचा नाही एवढं मी ठरवलं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी, वंदना झाल्यावर, वर्ग सुरू केला. पुस्तकांच्या झेरॉक्स होत्या. अकरातले सात आले. आफरीन नवीन मुलांचे टोन घ्यायची. तिच्या अम्मीनं पहिल्या रविवारी सगळ्यांसाठी शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना.

पुढे कोरोनाचं वर्ष आलं, सीमेवर तणाव वाढला, आणि अशा केंद्रांची तपासणी सुरू झाली. आमच्या विद्यापीठातलं केंद्र बंद झालं. लिऊ त्याच्या आधीच परत गेली होती. मला आनंद झाला का? नाही. भाषा शिकणारी पोरं पुन्हा वाऱ्यावर. चीनशी वाकडं आलं म्हणून चिनी समजणारी माणसं कमी करायची, ही कुठली अक्कल?

आणि मग एक दिवस देशमाने सरांचा फोन आला. आवाज एकदम गोड. विद्यापीठात परिसंवाद होता, शिक्षणातल्या परकीय हस्तक्षेपावर. सर त्याचे निमंत्रक.

“तुमचा अनुभव फार बोलका आहे मॅडम. चिन्यांनी तुमच्या विद्यार्थिनीवर कसा दबाव आणला, ते सांगा. लोकांना कळलं पाहिजे.”

मला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं.

“सर, दबाव कुणी आणला ते तुम्हाला माहीत आहे.”

“आता जुनं काय काढायचं? काळ वेगळा होता.”

“मी येते. पण जसं झालं तसं सांगीन. नावासकट. गुणपत्रिकेची झेरॉक्स माझ्याकडे आहे.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, “बघतो, वेळ जुळते का,” आणि फोन बंद. निमंत्रणपत्रिका आली नाही. पेपरात फोटो आला. सर व्यासपीठावर, मागे मोठा तिरंगा, मूठ वळलेली.

आफरीनची गोष्ट सांगते. विहारातल्या वर्गात शिकून ती चिनी भाषेच्या वरच्या परीक्षेत पास झाली. आज नागपूरला यंत्रं आयात करणाऱ्या एका कंपनीत दुभाषी आहे. चीनमधून इंजिनियर आले की त्यांच्यात आणि आपल्या कामगारांत मध्ये ती उभी असते. मागच्या महिन्यात म्हणत होती, साहेबानं तिला सांगितलं, मशीनमधला दोष चिन्यांपुढे जरा सौम्य करून सांग, त्यांना राग येईल.

“मग तू काय केलंस?”

“साहेबाले म्हटलं, तुम्ही जे बोलान तेच मी सांगीन. सौम्य पाहिजे तं तुम्हीच सौम्य बोला.”

हे मी तिला शिकवलेलं नाही. श्रेय घेणार नाही.

मी स्वतः काय शिकले ते थोडक्यात सांगते. नोकरीत कुणी मला ‘वरून आलंय’ म्हणालं की मी आता वाद घालत नाही. वही उघडते, पेन काढते आणि विचारते, कुणाकडून, कधी, आणि लेखी आहे का. आजपर्यंत सहा जणांना विचारलं. चौघं म्हणाले, राहू द्या. एकानं विषय बदलला. सहाव्यानं खरोखर लेखी पत्र आणून दाखवलं. ते बसपासच्या फोटोच्या साइजबद्दल होतं.